पिकअप घ्यायचीय? नवी की जुनी, कोणती, आणि कुठं फसायला होतं (माझ्या चुकांसकट)

आमच्याकडं जुन्नर भागात टोमॅटो, कांदा आणि थोडीफार फुलं. दहा वर्षं भाड्याच्या गाडीनं माल पाठवला, मग २०२३ ला एक जुनी पिकअप घेतली, ती घेताना जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या, आणि आता चुलतभावासाठी नवी बघताना दुसऱ्यांदा सगळ्या फेऱ्या मारून झाल्यात. गावातली चार पोरं रोज तेच तेच विचारतात म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू. मी काही मिस्त्री नाही की एजंट नाही, त्यामुळं जे स्वतः बघितलंय तेवढंच सांगतो. माझी गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती.

१. शोरूमला जायच्या आधी वजनकाट्यावर जा

सगळे आधी गाडी बघतात आणि मग माल बसतोय का ते बघतात, खरं ते उलटं पाहिजे. मी लोकांना सांगत फिरायचो की माझा माल दीड टन असतो. एकदा भाड्याची भरलेली गाडी काट्यावर घातली आणि डोळे उघडले. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतात पण रिकाम्या क्रेटचं वजन कोणी धरत नाही, दीड-दोन किलो त्याचे. म्हणजे ९० क्रेट गुणिले २२, झाले १९८० किलो! वर ताडपत्री, दोऱ्या, सोबत आलेला माणूस. दीड टन म्हणता म्हणता दोन टन.

सीझनमधल्या चार-पाच खेपांच्या काट्याच्या पावत्या जमवा. सगळ्यात जड खेप किती आणि नेहमीची किती हे दोन आकडे कागदावर लिहा. नेहमीची खेप १२०० किलोची आणि वर्षातून आठ वेळाच २००० ची असेल तर त्या आठ वेळेला भाड्याची गाडी करा, त्यासाठी वर्षभर मोठी गाडी पोसू नका. सोबत रोजचे किलोमीटर किती, घाट आहे का (आम्हाला कल्याणकडं माळशेज उतरून जावं लागतं), आणि शेतात बांधापर्यंत गाडी न्यायची का डांबरीवरच उभी राहणार, हेही लिहा.

आता आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, वाचायला शिका. त्यात दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं म्हणजे जीव्हीडब्ल्यू. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची कायदेशीर क्षमता, पण त्यातच ड्रायव्हर, क्लीनर आणि तुम्ही मागाहून ठोकून घेतलेला लोखंडी सांगाडा पण आला. जाहिरातीत १.५ टन लिहिलंय म्हणून १५०० किलो माल बसेल असं नाही. ओव्हरलोडचा दंड कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा आहे, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावू शकतात. रात्री दोनला रस्त्यावर टोमॅटो उतरवून बघा म्हणजे कळेल.

२. कोणत्या वर्गातली गाडी

छोटा हत्ती वगैरे पाऊण टनाच्या आसपासच्या गाड्या मी इथं धरत नाही, आणि टाटा चारशे-सातचा मोठा वर्ग पण नाही. मधला जो सव्वा ते दोन टनांचा पट्टा आहे तो आपला विषय.

महिंद्राची बोलेरो पिकअप तर गावोगाव आहे. २०२२-२३ मध्ये तिची मॅक्स मालिका आली, त्यात सिटी म्हणून १.३ ते १.५ टनाच्या गाड्या (सीएनजी पण आहे) आणि एचडी म्हणून २ टनापर्यंतच्या, मोठीला दहा फुटी हौदा. टाटाकडं योद्धा, ती १२०० किलोपासून योद्धा २.० मध्ये २००० किलोपर्यंत जाते, आणि इन्ट्रा, त्यात व्ही३० ही १३०० किलोची आणि व्ही५० ही १५०० किलोची. अशोक लेलँडचा बडा दोस्त २०२० ला आला, त्यातला आय४ पावणेदोन टनाच्या वर जातो. इसुझूची डी-मॅक्स पण आहे, चालवायला गाडी झकास, पण घ्यायच्या आधी तुमच्या तालुक्यापासून तिचं वर्कशॉप किती लांब ते मोजा.

बोलेरो आणि योद्धा या पुढं बॉनेट असलेल्या, चेसिसवाल्या, उंच गाड्या. बॉनेट उघडलं की इंजिन समोर, गावातला कुठलाही मिस्त्री हात घालतो. इन्ट्रा आणि बडा दोस्त यांची केबिन पुढं, इंजिन सीटखाली, त्यामुळं गाडीच्या लांबीच्या मानानं हौदा चांगला मिळतो आणि मार्केटयार्डाच्या गर्दीत वळायला सोप्या. शहरात दुकानांना माल पोहोचवायचा असेल तर माझं मत दुसऱ्या जातीला, आणि पावसाळ्यात काळ्या रानातून बाहेर काढायची असेल तर पहिल्या जातीला. फोर बाय फोर योद्धा आणि बोलेरो कॅम्परमध्ये मिळत आलीय, पण दोन दिवसांच्या चिखलासाठी ती घेऊ नका, ट्रॅक्टर असतोच की कोणाचा तरी.

सीएनजीबद्दल एवढंच की पंप तुमच्या रोजच्या रस्त्यावर पाहिजे आणि तिथं रांग किती लागते ते पहाटे स्वतः जाऊन बघा.

अजून एक, जीव्हीडब्ल्यू ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही, म्हणूनच काही मॉडेलांचा आकडा बरोबर २९९० असतो. त्याच्या वर गेलं की परमिट आलं. लायसनचं मात्र टेन्शन कमी झालंय, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसनवाला ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो.

३. नवी की जुनी, हप्ता मांडून बघा

जुनी गाडी स्वस्त असते हे अर्धंच खरं. हे गणित बघा.

नवी गाडी, ८ लाख कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं, हप्ता जवळपास १७,०००.
जुनी गाडी, ४ लाख कर्ज, १५ टक्के व्याज, ३ वर्षं, हप्ता जवळपास १३,९००.

कर्ज निम्मं, पण महिन्याला फरक फक्त तीन हजारांचा. आणि जुन्या गाडीचं एक मोठं काम निघालं, क्लच म्हणा पंप म्हणा, की वर्षाचा फरक एका झटक्यात गेला. जुनीचा हप्ता तीन वर्षांत संपतो हे बरोबर, पण ती तीन वर्षं गाडी चालली पाहिजे ना.

इथला सापळा म्हणजे फ्लॅट व्याज. जुन्या गाडीच्या फायनान्सवाला सांगेल ‘फक्त ९ टक्के भाऊ’. फ्लॅट ९ म्हणजे ४ लाखावर तीन वर्षांचं १,०८,००० व्याज आधीच जोडून हप्ता पाडतात, १४,१०० च्या आसपास, आणि खरा दर निघतो १६ टक्क्यांच्या वर. म्हणून टक्का विचारूच नका, विचारा ‘हप्ता किती, किती हप्ते, आणि प्रोसेसिंग फी कापून हातात किती’.

दुसरी गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. आधी करासकट १० लाखाला असलेली गाडी त्यानं साधारण ७८ हजारांनी खाली आली. जुनी विकणारे मात्र अजून जुन्या किमतीचा हिशोब तोंडावर फेकतात, ‘नवी घ्यायला गेलास तर एवढे पडतील’. नव्याचं ताजं कोटेशन खिशात ठेवून बोलणी करा.

माझा साधा नियम असा, महिन्याला २५०० किलोमीटरच्या वर पळवणार असाल आणि दुसऱ्यांची भाडी पण मारणार असाल तर नवी. स्वतःचाच माल, सीझनपुरता, बाकी वेळ गाडी झाडाखाली उभी, तर जुनी, आणि ती शक्यतो रोख.

मराठा समाजातल्या मुलांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, त्यातून बऱ्याच जणांनी पिकअप घेतल्यात. पण पात्रतेचं पत्र, त्याला एलओआय म्हणतात, ते आधी काढायचं आणि कर्ज नंतर. आमच्याकडं एकानं उत्साहात आधी गाडी उचलली, मग पत्राच्या मागं लागला, परतावा काही मिळाला नाही.

४. नवी घेताना

शोरूमचा भाव ऐकून खूश होऊ नका, ऑनरोड कोटेशन लेखी घ्या, प्रत्येक ओळ वेगळी. त्यात आरटीओ टॅक्स, विमा, बॉडीचं काम, हँडलिंग की काय ते, सगळं दिसलं पाहिजे. विम्याचा थर्ड पार्टी भाग सरकारनं ठरवलेला असतो, ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरपत्रकात तो १६,०४९ रुपये होता, त्यावर टॅक्स. प्रायव्हेट कारसारखं एकदम तीन वर्षांचं नसतं, हा खर्च दरवर्षी आहे, हे नवीन लोकांच्या डोक्यातच नसतं. विमा शोरूमचाच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते, बाहेरून भाव काढा, आमच्या चुलतभावाचे अकरा हजार वाचले.

टेस्ट ड्राइव्ह रिकामी देतात. रिकामी पिकअप कुठलीही छानच पळते, उड्या मारत पळते. ओळखीत ज्याच्याकडं तेच मॉडेल आहे त्याच्यासोबत भरलेल्या गाडीत एक फेरी मारा, घाट असेल तर घाटातून, दुसऱ्या गियरला चढावर उभी करून परत उचलून बघा. आणि त्याला विचारा ‘भरून किती अ‍ॅव्हरेज देते’, कंपनीचा आकडा नको.

बीएस सिक्स (धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्यांमध्ये मॉडेलप्रमाणे धुराचं फिल्टर किंवा युरियाची वेगळी टाकी असते. आपल्या मॉडेलला काय आहे, दिवा लागला तर काय करायचं, हे डिलिव्हरीच्या दिवशी समजून घ्या. रोज पाच किलोमीटरच पळवून बंद करणाऱ्यांना त्या फिल्टरचा त्रास जास्त होतो.

५. जुनी घेताना: गाडी बघायला नंतर, नंबर टाकून बघायला आधी

विकणाऱ्याकडून फक्त नंबर घ्या आणि घरी बसून एम परिवहन अ‍ॅपवर टाका. मालक कितवा, फिटनेस कधीपर्यंत, विमा, पीयूसी, टॅक्स, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोजा (गाडीवर कोणाचं कर्ज) आहे का, सगळं दिसतं. मग महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या साइटवर तोच नंबर टाका.

गाडीचं वय बघताना एक आकडा लक्षात ठेवा, आठ. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी पासिंग, आणि आपल्या राज्यात मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण कर पण लागतो. म्हणून सात-साडेसात वर्षांच्या गाड्या बाजारात भरपूर दिसतात, हुशार मालक त्याच वेळेला काढतात. वाईटच असतात असं नाही, पण पुढच्या पासिंगचा खर्च किमतीतून कापून मागा.

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलीय का बघा, नाहीतर आरटीओत काम अडतं. आणि बीएस फोर की सिक्स? १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स. गावाकडच्या मिस्त्रीच्या हातचं काम पाहिजे असेल तर शेवटच्या शेवटच्या बीएस फोर गाड्या अजून पण चांगल्या, २०१९ ची नीट वापरलेली एकहाती गाडी मिळाली तर मी डोळे झाकून... नाही, डोळे उघडे ठेवूनच, पण घेईन.

६. गाडी बघताना

सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, गरम असेल तर समजा काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन स्टार्ट करताना बघायचं. काळा धूर थोडा आला तर चालतं, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा येतच राहिला तर हेडकडं शंका घ्या. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून बघा, झाकण उडायला लागलं आणि भकाभका वाफ आली तर बोअर-पिस्टन संपत आलंय.

मग गाडीखाली झोपा. लाज बाळगू नका, पोतं न्या सोबत. पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची, पानं मोजा. कंपनीच्या पाटीपेक्षा एखादं पान जास्त टाकलेलं असेल तर ती गाडी आयुष्यभर ओव्हरलोड चाललीय, विकणारा काहीही म्हणू दे. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटी चेसिसला जोडतात तिथं) चेसिसला बोटानं चाचपडा, तडा किंवा वेल्डिंग दिसलं की उठा आणि चहा पिऊन घरी या. ताजा काळा रंग फक्त तेवढ्याच भागाला मारलेला असेल तरी तेच.

हौद्याचा तळ बघा. खत, मासळी किंवा सडका टोमॅटो वाहिलेल्या गाडीचा पत्रा आतून खाल्लेला असतो, वरून नवीन पत्रा ठोकतात. स्क्रूड्रायव्हरनं ठोकून आवाज ऐका. फाळका उघडून बंद करा, तिरका बसत असेल तर मागून ठोकलेली असू शकते.

चालवताना रेडिओ बंद. दुसरा गियर आणि रिव्हर्स खरखरतो का बघा, या गाड्यांचा सगळ्यात जास्त मार दुसऱ्या गियरलाच असतो. चाळीसच्या वेगाला अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर मागून घुंइं आवाज आला तर हाउसिंगचं (मागच्या अ‍ॅक्सलच्या गियरचं) काम, आणि उचलताना टक् आवाज आला तर क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा जोड) गेलाय, क्रॉस स्वस्तात होतो, हाउसिंग नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गियरला क्लच हळू सोडा, इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे, घरघरत चालू राहिलं तर क्लचप्लेट बदलायला आली.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पाच वर्षांची भाड्याची गाडी आणि मीटरवर ६८,०००? पायडलचं रबर गुळगुळीत, सीट बसलेली, स्टेअरिंग चकचकीत झालेलं, म्हणजे खरी गोष्ट वेगळीच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन सर्व्हिसचा इतिहास काढता येतो, मालकाला सोबत न्या. तो यायला कां-कूं करत असेल तर उत्तर मिळालंच.

शेवटी आपला मिस्त्री सोबत न्या आणि बीएस सिक्स असेल तर स्कॅनर लावून घ्या. मिस्त्रीला हजार रुपये द्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री नको.

७. विसार देताना (इथं मी बुडालो)

माझी गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली होती, सौदा ५ लाख १० हजार. आरसीवर बोजा दिसत होता. मालकानं मोबाईलवर फायनान्स कंपनीच्या एनओसीचा, म्हणजे ना-हरकत पत्राचा, फोटो दाखवला, म्हणाला कर्ज फेडलंय, फक्त ऑनलाइन अपडेट व्हायचं राहिलंय. मी साडेचार लाख देऊन गाडी घरी आणली, पेढे वाटले. नंतर कळलं की एनओसी खरीच होती पण पहिल्या कर्जाची, त्यानंतर त्यानं त्याच गाडीवर टॉपअप, म्हणजे वाढीव कर्ज, उचललं होतं. पाच महिने गाडी नावावर नाही, दारात उभी, आणि टोमॅटोचा अख्खा सीझन भाड्याच्या गाडीवर. वर मागच्या मालकाच्या काळातली अकरा चलनं!

म्हणून विसार २० हजारांच्या वर नको, तो पण ऑनलाइन, आणि साध्या कागदावर का होईना लिहून की बोजा उतरला नाही तर परत. बोजा असेल तर मालकासोबत स्वतः फायनान्स कंपनीच्या ऑफिसात जा, किती बाकी ते लेखी घ्या आणि तेवढे पैसे थेट कर्जखात्यात भरा, मालकाच्या हातात नाही. एनओसी मूळ कागद पाहिजे, आणि ती साधारण तीन महिनेच चालते, ताबडतोब आरटीओत द्या. ‘नंतर नावावर करून देतो, सह्या करून ठेवतो’ असं म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार.

८. नावावर करायला काय काय लागतं

• मूळ आरसी
• फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
• बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि फायनान्सची एनओसी, तुम्ही कर्ज काढत असाल तर फॉर्म ३४
• दुसऱ्या आरटीओची किंवा परराज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८
• चालू विमा, पीयूसी, फिटनेस, टॅक्स भरल्याची पावती, परमिट असेल तर ते
• दोघांचं आधार, पॅन, फोटो
• चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा, हा आपल्या डोळ्यांसमोर काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा

अर्ज परिवहनच्या साइटवर भरून फी ऑनलाइन भरता येते. घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. विमा मात्र १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, आणि मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा त्याच्याकडं राहतो, त्यामुळं थोडा फरक भरावा लागेल.

एजंट लावलात तर लावा, मी पण लावला, पण सह्या केलेले कोरे फॉर्म त्याच्याकडं सोडू नका आणि पावत्या आपल्या मोबाईलवर येतील असा स्वतःचाच नंबर टाका.

९. चावी हातात आल्यावर

दुसरी चावी, जॅक, पाना, स्टेपनी मोजून घ्या. सगळी ऑइलं, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदला, मागच्यानं कधी बदलली ते विचारण्यात अर्थ नाही. आणि काचेवरचा जुना फास्टॅग नुसता खरवडून काढू नका. एका गाडीला एकच फास्टॅग चालतो, जुना मालक त्याच्या बँकेतून बंद करत नाही तोपर्यंत तुमच्या नावचा निघत नाही. पैसे पूर्ण द्यायच्या आधी त्याला शेजारी बसवून त्याच्याच मोबाईलवरून बंद करून घ्या. मी विसरलो होतो, तो माणूस नंतर फोन उचलेना, आणि पुढचे तीन आठवडे प्रत्येक नाक्यावर रोखीनं डबल टोल भरला.